चौथा कोपरा

आमच्या शेजारच्या अतिथिगृहात पाहुण्यांसाठी सहा खोल्या आहेत. वरच्या मजल्यावर जिन्याला लागून एक सातवी आहे, ती कधीच कुणाला मिळत नाही. तिला कपड्यांची खोली म्हणतात. तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, पश्चिमेला मोठी खिडकी, खिडकीखाली लांब टेबल, आणि त्या टेबलाशी गेली अडतीस वर्षं फुलीबाई.

तिचं खरं नाव पगाराच्या रजिस्टरात असेल, पण हाक मारताना ते कुणी वापरत नाही. फुलीबाई हे नाव तिला थोरल्या मालकीणबाईंनी ठेवलं. अतिथिगृहातले सहा पलंग सहा वेगवेगळ्या वेळी घेतलेले, त्यामुळे एकाचं माप दुसऱ्याला नाही. धुऊन आलेल्या चादरी एकमेकींत मिसळायच्या, आणि दोन नंबरच्या खोलीतली चादर पाच नंबरच्या पलंगावर घातली की पाहुण्याची पावलं रात्रभर उघडी. फुलीबाई कामाला लागली आणि पहिल्या पंधरवड्यात तिने घरातल्या प्रत्येक चादरीवर, अभ्र्यावर आणि टॉवेलवर लाल दोऱ्याने फुल्या घातल्या. एक नंबरच्या खोलीला एक फुली, दोन नंबरला दोन, असं सहापर्यंत. त्याही एका कोपऱ्यात नाहीत, चारी कोपऱ्यांत.

"चारी कशाला गं?" मी तेव्हा विचारलं होतं.

"एकाच कोपऱ्यात घातली तर तो कोपरा शोधत बसायचं. आणि तीन कोपरे मोकळे बघून मला जेवण जायचं नाही."

मला हे पटलं, कारण फुलीचा टाका मलाही येतो. शाळेत सिस्टरांनी शिकवला. रुमालाची मागची बाजू पुढच्या बाजूइतकी स्वच्छ नसली तर सिस्टर कात्री पुढे करत आणि म्हणत, उसव. फुलीबाईचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण तिच्या कामाची मागची बाजू सिस्टरांनी पाहिली असती तर आख्खा वर्ग त्यांनी तिच्याकडे शिकायला पाठवला असता. दुपारी तीनला मी तिच्याकडे चहाला जाते, ते या जुन्या ओळखीपोटी.

ती राहते धाकट्या भावाबरोबर, दोन गल्ल्या पलीकडे. भाऊ घड्याळं दुरुस्त करतो. तो बासष्ट वर्षांचा आहे, पण तिच्या लेखी अजून त्याला स्वतःचा मफलर गुंडाळता येत नाही. तिचं लग्न एकदा जमलं होतं आणि मोडलं. त्यावर ती एकच वाक्य बोलते: "माणूस बरा होता, पण हसताना तोंडावर हात ठेवायचा." भावाने लग्न केलं नाही. घरात तेवीस घड्याळं आहेत आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे एकाचंही दुसऱ्याशी पटत नाही.

अतिथिगृहात वायफाय आलं तेव्हा त्याचा पासवर्ड नेटवाल्याने ठरवला. चौदा अक्षरांचा. मालकीणबाईंनी तो एका चिठ्ठीवर लिहून घेतला आणि चिठ्ठी हरवली. दुसरी लिहिली, ती चष्म्याशिवाय वाचता येईना. पाहुणे खोलीकडे जाताना वर जे पहिलं माणूस दिसेल त्याला विचारत, आणि ते माणूस नेहमी फुलीबाई असे. तिच्याकडे साधा, बटणांचा फोन. नेट म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं आणि विचारावंसंही वाटलं नाही. पण पासवर्ड तिने पाठ केला. हातात चादरींचा गठ्ठा असला तरी ती जिन्यात थांबून सांगायची.

"मोठा के. सात. लहान डब्ल्यू. मग शिडी."

"शिडी?"

"दोन उभ्या रेघा, दोन आडव्या. त्यानंतर पुन्हा सात, पण या वेळी दोनदा."

एका पाहुण्याने शिडी हा शब्द अक्षरं जुळवून टाईप केला आणि नेट लागत नाही म्हणून खाली जाऊन भांडला. फुलीबाईचं म्हणणं, शिडी म्हटल्यावर शिडी काढायची सोडून माणसं लिहीत कशाला बसतात?

दोन वर्षांपूर्वी मालकीणबाई थकल्या आणि कारभार सूनबाईंकडे आला. सूनबाई मनाने चांगल्या. पहाटे उठतात, कुणावर आवाज चढवत नाहीत. फक्त त्यांच्या डोक्यात कायम पुढचा आठवडा चालू असतो, त्यामुळे चालू आठवड्यातली माणसं कधीकधी नजरेतून सुटतात. एका सोमवारी त्या कपड्यांच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. मी तिथेच होते.

"मावशी, एक तारखेपासून चादरी धुलाई कंपनीकडून येणार. त्यांच्याच चादरी, त्यांचीच धुलाई. सहाही पलंग आता एका मापाचे घेतलेत. म्हणजे तुमचा त्रास संपला."

"त्रास?" फुलीबाई म्हणाली.

"आणि ही खोली सातवी म्हणून पाहुण्यांना देता येईल. खिडकी किती छान आहे!"

"आणि मी?"

"तुम्ही आता आराम करा. किती वर्षं केलंत आमच्यासाठी."

फुलीबाईने घडी घालायला घेतलेला अभ्रा पूर्ण केला, वर दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. सूनबाई गेल्यावर ती माझ्याकडे वळली.

"आराम म्हणजे काय करायचं गं? तेवीस घड्याळांत बसून चोविसावं व्हायचं?"

"बोल ना तिच्याशी."

"काय बोलू? पगार वाढवून मागायचा असता तर बोलले असते. मला हे टेबल पाहिजे. ही खिडकी, हे टेबल, आणि काहीतरी हातात. हे कसं मागायचं असतं?"

महिना संपायला सव्वीस दिवस होते.

त्याच आठवड्यात सूनबाईंनी वायफायचेही कागद छापून आणले. काळ्यापांढऱ्या चौकोनांचा तो क्यूआर कोड, फोनचा कॅमेरा समोर धरला की आपोआप नेट लागणारा. प्रत्येक खोलीत टेबलावर एक चिकटवला. कल्पना चांगली होती, कागद गरीब होता. एकावर कपाचं गोल वर्तुळ उमटलं. एक न्हाणीघराच्या वाफेने सुटून पलंगाखाली गेला. तीन नंबरमधल्या पाहुण्याने आपला कागद सोलून स्वतःच्या लॅपटॉपला लावला आणि तसाच गावी गेला. दहा दिवसांत माणसं पुन्हा जिन्यात उभी. मोठा के, सात, लहान डब्ल्यू.

चार नंबरमधला चहा सांडलेला कागद फुलीबाईने फेकण्यासाठी उचलला आणि खिडकीशी थांबली. मी समोरच बसले होते. तिने चष्मा पुसला.

"अगं, हा तर नमुना आहे!"

"कसला नमुना?"

"भरतकामाचा. बघ ना, चौकटीचा कागद. काळा चौकोन म्हणजे भरायचा, पांढरा म्हणजे सोडायचा." ती सुईच्या टोकाने मोजत गेली. "एकोणतीस आडवे, एकोणतीस उभे. फूल नाही, पान नाही, पण मोजमाप चोख आहे कुणाचंतरी. यात पासवर्ड असतो म्हणे?"

"असतो म्हणतात."

"म्हणजे मी जिन्यात म्हणते ते सगळं? शिडीसकट?"

"शिडीसकट."

तिने कागद टेबलावर सपाट केला. "कपड्यावर असता तर चहा सांडून काय बिघडलं असतं? धुतला की झालं," ती म्हणाली, आणि तिसऱ्या फळीवरून मॅटीचं पांढरं कापड काढलं.

एका चौकोनाला चार फुल्या असा तिने हिशेब धरला. सकाळी चादरींचं काम, दुपारी हे. काळा दोरा दुहेरी. भरलेली ओळ ती कागदावर पेन्सिलने खोडायची. कडेला चार चौकोनांएवढी जागा तिने मोकळी सोडली, कापडाला श्वास हवा म्हणून. नऊ दुपारी लागल्या. पाचव्या दुपारी तिने मला सगळं सांगून टाकलं: हे जमलं तर सहा खोल्यांना सहा लागतील, सहा भरायचे तर टेबल लागेल, आणि टेबल लागलं तर सूनबाई काय करतील ते बघू. मला ही आशा फार नाजूक वाटली, पण तिच्या बोटांचा वेग बघून मी तिला पुढचा दोरा ओवून दिला.

आठव्या दुपारी ती खालच्या उजव्या कोपऱ्याशी आली आणि सुई थांबवली.

"हे बघ काय केलंय यांनी. तीन कोपऱ्यांत छान मोठे चौकोन, चौकोनात चौकोन. आणि चौथ्यात काही नाही! जरासं आत एक एवढंसं पिल्लू काढून ठेवलंय."

"छापताना शाई संपली असेल," मी म्हणाले. हे मीच म्हणाले, हे इथे लिहून ठेवते.

"असेल. चहाही इथेच सांडलाय. मी नीट करते."

पिल्लू गाळून तिने चौथ्या कोपऱ्यात बाकी तिघांसारखा मोठा चौकोन भरला. अगदी त्याच मापाचा. काम पुरं झाल्यावर तिने ते उलटं करून मला दाखवलं. मागची बाजू बघून मला शाळेतला वर्ग आठवला, आणि मी मान डोलावली.

चार नंबरमध्ये तेव्हा लिफ्ट तपासणाऱ्या बाई उतरल्या होत्या. दर तीन महिन्यांनी चार दिवसांसाठी येतात. कमी बोलतात. शहरातल्या सगळ्या लिफ्टना त्यांची भीती वाटत असावी. फुलीबाईने कापड त्यांच्या टेबलावर पसरलं, सूनबाईंना बोलावलं, आणि साडीचा पदर खोचून भिंतीशी उभी राहिली. सूनबाईंनी फोन धरला. जवळ नेला, लांब नेला. लिफ्टच्या बाईंनी आपला धरला. मग सूनबाई दुसरा फोन घेऊन आल्या.

"नाही लागत," लिफ्टच्या बाई म्हणाल्या.

"उजेड कमी असेल," मी म्हणाले.

पडदा सरकवला. उजेडातही लागेना.

सूनबाई कापडावरून हात फिरवत म्हणाल्या, "पण काय सुंदर केलंय मावशी! आपण फ्रेम करू आणि खाली भिंतीला लावू. शोभेला."

त्यांना बरं वाटावं असंच बोलायचं होतं. पण फुलीबाईने जन्मात शोभेची वस्तू केलेली नव्हती. तिच्या प्रत्येक टाक्याला काहीतरी काम असायचं. तिने कापडाची चौघडी केली, "बरं" म्हणाली, आणि मी तिच्या मागोमाग गेले तोवर ती जिना उतरून माझ्याच घराच्या दाराशी उभी होती.

"तुझ्याकडे मोठा दिवा आहे ना? चल, मोजू."

मी कागद धरला, तिने कापड. मी वाचत होते, ती सुई सरकवत होती. काळे सात, पांढरा एक, काळा एक, पांढरे दोन. वीस ओळी जशाच्या तशा निघाल्या, एक फुली इकडची तिकडे नाही. एकविसाव्या ओळीपासून आम्ही चाचपडायला लागलो. कागदावर काळा, कापडावर पांढरा. कागदावर पांढरा, कापडावर काळा.

"तो भाग सोड," ती म्हणाली. "तिथे मी दुरुस्त केलंय."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

तेवढ्यात सहाच्या सुमारास तिचा भाऊ तिला शोधत आला. ती कधी उशीर करत नाही, म्हणून घाबरला होता. आम्ही दोघी चोरी पकडली गेल्यासारख्या बसलेल्या. त्याला सगळं सांगितलं. त्याने खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि आधी कागद पाहिला, मग कापड.

"ताई, हा चौथा कोपरा तू घातलास?"

"त्यांचा राहिला होता."

"राहिला नव्हता गं! मुद्दाम सोडलाय. फोनला वरची बाजू कुठली नि खालची कुठली हे कळायला नको? मी घड्याळाच्या तबकडीवर चारी बाजूंना बारा छापले तर तू मला किती वाजले सांगशील?"

तिने कापड फिरवलं, पुन्हा फिरवलं. चारही बाजूंनी ते सारखंच दिसत होतं.

"दुरुस्त केलं म्हणे," भाऊ मला म्हणाला. "लहानपणी माझ्या वहीतला चंद्रही हिने पूर्ण गोल करून ठेवला होता. बाईंनी मला शून्य दिलं."

"तो अर्धवटच दिसत होता," फुलीबाई म्हणाली आणि हसू फुटून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आम्ही तिघंही बराच वेळ हसलो. मी चहा टाकला. तिने तिथेच माझ्या दिव्याखाली कात्री मागितली आणि पहिला टाका उसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सूनबाईंकडे गेली. "चूक माझी होती. कोड बरोबर होता, मीच त्यात भर घातली. दीड दिवस द्या."

सूनबाई म्हणाल्या, घ्या ना. त्यांचं अर्धं लक्ष फोनकडे होतं. पण दुपारी त्या मोजपट्टी घेऊन वर आल्या, पलंगासाठी खोलीचं माप घ्यायला. दुसरं टोक धरायला कुणी हवं होतं. मी उठायच्या आत फुलीबाईने भरतकामाची रिंग खाली ठेवली आणि पट्टीचं टोक भिंतीला लावून धरलं. स्वतःच्याच खोलीतून तिला उठवायचं ते माप, आणि ते चुकू नये म्हणून ती गुडघ्यावर बसून टोक दाबून धरत होती.

"बसतोय का पलंग?" सूनबाईंनी विचारलं.

"बसतो. पण दार पूर्ण उघडणार नाही. पाहुण्याला बॅग घेऊन आडवं व्हावं लागेल."

सूनबाईंनी दार उघडून पाहिलं. खरंच होतं. त्या स्टुलावर बसल्या. मला वाटतं दोन वर्षांत त्या तिथे पहिल्यांदाच बसल्या असतील. फुलीबाई पुन्हा कामाला लागली. कागदावर पाहायचं, मोजायचं, भरायचं. सूनबाई बघत राहिल्या. पाच मिनिटांनी त्या म्हणाल्या, "हे सगळं तुम्ही मोजून केलंत? एकेक?"

"मग काय अंदाजाने? नमुन्यात अंदाज चालत नाही. एकदा चालवला, काल बघितलंत ना काय झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला पिल्लू आपल्या जागी बसलं. लिफ्टच्या बाई सामान बांधत होत्या. फुलीबाईने कापड टेबलावर घातलं आणि या वेळी खोलीत थांबलीच नाही, दाराबाहेर जिन्याकडे तोंड करून उभी राहिली. सूनबाईंनी फोन धरला.

फोनने टुण्ण केलं.

"लागलं," लिफ्टच्या बाई म्हणाल्या, आणि स्वतःचाही फोन धरून पाहिला. "माझंही लागलं." मग त्यांनी आजवरचं सगळ्यांत मोठं भाषण केलं. "पण मला याची गरज नाही. तीन वर्षांपूर्वीचा पासवर्ड माझ्या फोनमध्ये अजून चालतो. समोरच्या बाकावर रोज बसतात ना ते दोघे, तेही तुमचे जुने पाहुणे आहेत. म्हणून तुमचं नेट रांगतं. पाहुण्यांसाठी वेगळं नेट करा आणि पासवर्ड दर वर्षी बदला."

सूनबाई खिडकीशी गेल्या. बाकावर दोघे मान खाली घालून फोनमध्ये बुडालेले होते.

"दर वर्षी बदलायचा म्हणजे हा कोडही बदलणार?" फुलीबाईने दारातून विचारलं.

"बदलणार."

"म्हणजे दर वर्षी सहा नवे."

सूनबाई वळल्या. "एकाला किती दिवस लागतात मावशी?"

"नऊ दुपारी. न चुकता केला तर."

"सहा नवे चोपन्न."

"शिवाय टेबलावरचे रुमाल आहेत, पडदे आहेत, टॉवेल आहेत. कंपनी फक्त चादरी देणार ना?"

"अभ्रेही."

"देऊ देत. त्यांच्या अभ्र्यांना हात लावायची मला हौस नाही."

सूनबाईंनी कालपासून बरोबर बाळगलेली मोजपट्टी बघितली. घडी करून खिशात टाकली. "पलंग राहू दे," त्या म्हणाल्या. "तसंही दार अडतं." आणि खाली जाताना, अर्ध्या जिन्यातून, "नेटवाल्याला सोमवारी बोलावते. नवा कोड आला की लगेच वर पाठवते. कागदावर चहा सांडणार नाही याची काळजी घ्या."

फुलीबाई कपड्यांच्या खोलीत गेली, टेबल पुसलं, आणि मॅटीच्या कापडाचे सहा सारखे तुकडे कापायला घेतले. मी म्हटलं, कोड अजून आलेला नाही. ती म्हणाली, कापड तर आहे.

आता एक तारीख उलटून दोन महिने झालेत. कंपनीच्या चादरी येतात, आणि त्यांची शिवण वाकडी असते हे मला रोज तीनला ऐकावं लागतं. चार खोल्यांत नवे कोड लागलेत, पाचवा चालू आहे. भाऊ संध्याकाळी येऊन भिंगातून तपासतो आणि चूक सापडली नाही की हिरमुसतो. बाकावरचे दोघे आठवडाभर फोन हलवत बसले आणि मग दिसेनासे झाले. काल मी गेले तेव्हा ती अकराव्या ओळीत होती. मी तोंड उघडताच तिने सुईचा हात वर केला, म्हणजे ओळ संपेपर्यंत गप्प. मी खिडकीशी बसून घेतलं. उन्हाचा पट्टा टेबलावरून सरकत होता, आणि ती ओठांतल्या ओठांत मोजत होती.